मॉरिसव्हिलहून मस्कत चालवणाऱ्या मंदाकाकू

मंदाकाकू पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या हातात वजनकाटा घेऊन. बॅग टांगून वजन बघायचा असतो ना, तो हुकाचा काटा. सुती साडी, पायात लोकरी मोजे, त्यावर चपला आणि अंगावर जावयाचं असावं असं ढगळ जॅकेट. ओळख नाही, पाळख नाही, आणि बाई सरळ विचारतात, "तू वैशाली ना? मंगळवारी पुण्याला चाललीयेस. बॅगेत किती किलो जागा आहे?"

मी गार. कारण पुण्याला जायचं ठरलं होतं हे मी ऑफिसातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मस्कतहून कळलं." तुझ्या नणंदेची मैत्रीण मस्कतला असते, नणंद तिला बोलली, ती ग्रुपवर बोलली, आणि ग्रुप माझा आहे, असा तो हिशेब त्यांनी उंबऱ्यावर उभ्या राहून उलगडला. आमच्या टाउनहोमच्या ओळीत त्या चार घरं सोडून राहत होत्या, आणि माझ्या घरातली बातमी अरबी समुद्र फिरून त्यांच्यापर्यंत पोचली होती! मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझी बॅग काट्याला टांगून पाहिली, भुवया उंचावल्या आणि आपल्या पुण्याच्या बहिणीसाठी बदाम, गोळ्या आणि एक हिटिंग पॅड आणून ठेवलं. "रिकामी जागा घेऊन विमानात बसणं म्हणजे पाप आहे गं," हे वर. आखातात म्हणे अशीच पद्धत. कुणीही गावी निघालं की आधी ग्रुपवर सांगायचं, आणि मग बाकीच्यांची लोणची, औषधं, मुंजीचे आहेर त्याच्या बॅगेत शिरायचे. अमेरिकेत असं कुणी विचारलं तर लोक पोलिसांना फोन करतील, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्या देशात कुणाचं कुणाशी पटत नाही."

तुमच्या देशात! स्वतः ग्रीनकार्ड घेऊन मॉरिसव्हिलला राहायच्या, पण मनानं बाई मस्कत सोडून हललेल्याच नव्हत्या. काकांची उभी हयात तिथं नोकरीत गेली. आखातात नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की गाशा गुंडाळायचा. मग तुम्ही तिथं किती वर्षं का राहिला असेनात. काका रिटायर झाले आणि दोघं लेकीकडे, अश्विनीकडे आली. काका पहिल्या महिन्यात इथल्या लायब्ररीत रुळले. काकू मात्र शुक्रवार पाळायच्या. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, म्हणून इथंही शुक्रवारी स्वयंपाक बंद. बिचारी अश्विनी ऑफिसातून दमून यायची तेव्हा आई पाय पसरून बसलेली असायची. "अगं, आज सुट्टी. पिझ्झा सांग."

आणि ग्रुप! मस्कतमधल्या मराठी माणसांचा तो ग्रुप काकूंनी उभा केला होता आणि त्या तो मॉरिसव्हिलच्या जेवणाच्या टेबलावरून चालवायच्या. आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की तिकडे उजाडायचं. मग ताक पिता पिता त्या फोनमध्ये तोंड घालून म्हणायच्या, "शुभ सकाळ मंडळी. दरसैतच्या उतारावर ट्रक बंद पडलाय, ऑफिसवाल्यांनी दुसरीकडून जा. रुवीला शेवग्याच्या शेंगा आल्यात. यल्ला, उठा आता!" मला हसू आवरायचं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला आठवडाभर रस्ता खणून ठेवला होता, त्याचा काकूंना पत्ता नव्हता. पण सात समुद्रांपलीकडल्या उतारावरचा ट्रक मात्र दिसत होता.

"बातम्या येतात कुठून तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"एकीला काय दिसलं ते विचारायचं, ते दुसरीला सांगायचं. दुसरी त्यात आपलं घालते. तिसरीला विचारून खातरी केली की बातमी झाली." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "भाजी एक दिवस शिळी चालते, बातमी चालत नाही."

हे सगळं एरवी नुसतं गमतीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण यात एक मेख होती, आणि ती मला अश्विनीनं हळूच सांगितली. त्या ग्रुपचा एक नियम होता, काकूंनीच केलेला. जो मस्कत सोडेल त्याला त्याच दिवशी ग्रुपमधून काढायचं. हा नियम काकूंनी दयामाया न दाखवता पाळला होता. जिच्याबरोबर वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ केला ती जिवलग मैत्रीण नाशिकला परत गेली, तर ती विमानात बसायच्या आत काकूंनी तिला काढलं. "गेला तो गेला. ग्रुप राहणाऱ्यांचा आहे, आठवणी काढणाऱ्यांचा नाही," हे त्यांचं वाक्य मस्कतभर गाजलेलं.

आणि स्वतः? स्वतः जाताना बाईंनी कुणाला सांगितलंच नाही! "भारतात जरा जाऊन येते" म्हणाल्या, आणि पंधरवड्यानं ग्रुपवर "आले गं बाई परत" असं लिहिलं ते मॉरिसव्हिलहून. तेव्हापासून गुडघ्यांच्या नावाखाली सगळं चाललं होतं. गणपतीला या, गुडघे. कोजागिरीला या, गुडघे. इथं त्या गुडघ्यांनी बाई रोज माझ्या पुढे चालायच्या. लेकीनं एकदा "आई, सांगून टाक ना" म्हटलं, तर दोन दिवस अबोला. मी एकदा जरा छेडायला म्हणून विचारलं, "काकू, कळलं तर काय होईल?"

"काय व्हायचंय? काढतील," त्या म्हणाल्या. मग समोरच्या पालकाचं एकेक पान निवडायला लागल्या. "वैशाली, इथं मला कोण ओळखतं गं? अश्विनीची आई. तिथं मी मंदाकाकू आहे. तेवढा एक ग्रुप आहे, बाकी माफी." अरबीत माफी म्हणजे काही नाही, शिल्लक नाही, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. त्यांना पुन्हा छेडायचं नाही असं मी ठरवलं.

घरात या कारभाराचा सगळा जाच काकांना होता. काकू ग्रुपवर बोलायला लागल्या की काकांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. कुकरची शिट्टी चालेल, ती काय मस्कतलाही होते. पण स्कूलबस आली, बर्फ पडला, अश्विनी जावयाशी इंग्रजीत भांडली, यातलं काही ऐकू जाता कामा नये. काका मला म्हणायचे, "नोकरीत साहेब बरा होता गं."

मग तो दिवस आला. मुलीला बसमध्ये बसवून मी काकूंकडे चहाला गेले होते. मस्कतमध्ये तेव्हा संध्याकाळ, आणि दुपारपासून पाऊस कोसळत होता. तिथं पाऊस क्वचित पडतो, पण पडला की एरवी कोरडे ठणठणीत असणारे ओढे, वादी म्हणतात त्यांना, तासाभरात रस्त्यावर येतात आणि गाड्या वाहून नेतात. काकू पहाटेपासून खुर्चीला चिकटून होत्या. कुठला रस्ता बंद, कुणाची मुलं शाळेत अडकली, कोण कुणाला आणतंय, सगळं चोख चाललेलं. चहा गार झाला होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पल्लवी नावाची मुलगी होती, नुकतीच लग्न होऊन, बाळ होऊन तिकडे गेलेली. नवरा वाळवंटात साइटवर. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "काकू, माझ्या घरात पाणी शिरलंय हो! तळमजला आहे. तुम्ही वादी कबीरलाच राहता ना? मी बाळाला घेऊन निघतेच तुमच्याकडे. बिल्डिंग कुठली ते सांगा फक्त."

काकूंचा चेहरा उतरला. मी आपलं हळूच म्हटलं, "बाहेर आहे म्हणून सांगा." त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"पल्लवी, बाहेर पाय टाकायचा नाही," काकू म्हणाल्या. "मी तिथं नाही. मी अमेरिकेत आहे. माझं घर शोधायला निघालीस तर बाळासकट वाहून जाशील. जिना चढ. वरच्या मजल्यावर जे दार दिसेल ते वाजव, कुणाचं का असेना. वाजवलंस की मला सांग. यल्ला!"

पलीकडे ती पोर नुसती "अमेरिकेत?" एवढंच म्हणाली. पण गेली वर. कुणा मल्याळी बाईनं दार उघडलं, आत घेतलं, हे कळेपर्यंत काकूंनी फोन ठेवला नाही. मग ग्रुप उघडला आणि एका दमात बोलल्या. "मंडळी, वादी कबीरला पल्लवी बाळासकट अडकलीय, पत्ता पाठवते. मी तिथं असते तर मीच गेले असते. पण मी तिथं नाही. दोन वर्षं मी अमेरिकेत लेकीकडे आहे, तुमच्याशी खोटं बोलले. मला काढायचं ते नंतर काढा. आधी उंच गाडी असेल त्यानं तिच्याकडे जा."

एवढं बोलून फोन उलटा करून ठेवला आणि पदर तोंडाला लावला. काका उठून त्यांच्याजवळ येऊन बसले. शेवटी फोन खणखणला तेव्हा काकूंना तो उचलवेना, म्हणून मीच वाचून दाखवला. मोहिते नावाच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "काकू, पल्लवी आणि बाळ आमच्या घरी सुखरूप. वरणभात जेवतायत. आणि तुम्ही अमेरिकेत आहात हे आम्हाला गेल्याच्या गेल्या संक्रांतीपासून माहीत आहे. तुम्ही तिळगुळाचा निरोप पाठवलात तेव्हा काका मागून ओरडले होते, अगं, दारात बर्फ साचलाय, फावडं कुठंय?"

त्याखाली मग रांगच लागली. आम्हालाही माहीत होतं. गुडघे कसे आहेत काकू? नाशिकवाल्या मैत्रिणीलासुद्धा कुणीतरी कळवलं होतं, आणि "बोलू नका, तिला तेवढाच आधार आहे," असं म्हणे तिनंच सगळ्यांना बजावलं होतं.

मला वाटलं, आता काकू रडतील. कसलं काय! बाई ताडकन उठल्या. "म्हणजे? दोन वर्षं माहीत होतं आणि एकानंही मला काढलं नाही? नियम म्हणजे काय थट्टा आहे? असा ग्रुप चालवतात?" काका शांतपणे म्हणाले, "सुटलो. आता घरात मोठ्यानं शिंकता येईल." त्यावर मात्र काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता मग त्या रडल्या, ते चांगल्या पोटभर. संध्याकाळपर्यंत त्यांनी पल्लवीला ग्रुपची सूत्रं दिली आणि स्वतः बाहेर पडल्या. सगळ्यांनी विनवण्या केल्या. ऐकतील तर मंदाकाकू कसल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. काकू खिडकीशी बसून राहायच्या. शुक्रवार आला आणि बाईंनी चक्क स्वयंपाक केला, तेव्हा अश्विनी घाबरून मला बोलवायला आली. मी त्यांना ओढून फिरायला नेलं. कोपऱ्यावर त्या थांबल्या, आणि इथं येऊन दोन वर्षं झालेली बाई मला विचारते, "हा रस्ता कुठं जातो गं?"

बस. तिथून आम्हा मॉरिसव्हिलकरांचं खासगी आयुष्य खल्लास झालं! पंधरा दिवसांत ग्रुप निघाला. मेथी कुठं ताजी, कुणाचं गॅरेज उघडं राहिलंय, कुणाची सासू येतेय आणि तिच्या बॅगेत जागा किती, सगळं पहाटेच दारात. माझ्या मुलीला परीक्षेत कमी मार्क पडले ते मला काकूंकडून कळलं. "आई, हाऊ डज शी नो?" म्हणून पोरगी रडकुंडीला आली. पण शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या मुलाला ताप भरला तेव्हा त्याच्या दारात खिमट घेऊन पहिल्या उभ्या राहिल्या त्या याच बाई. त्याआधी आम्ही त्या मुलाला नुसता हात हलवत होतो.

गेल्या वर्षी अश्विनीला ॲरिझोनात, चँडलरला नोकरी लागली. सामान गेलं, घर रिकामं झालं. निघताना काकूंनी ग्रुप माझ्या गळ्यात घातला आणि दटावून सांगितलं, "मी विमानात बसायच्या आत मला काढ."

"काकू, राहू दे ना हो. कोण विचारतंय?"

"ऐक माझं. मी मस्कतहून निघाले आणि इथं पोचायला दोन वर्षं लागली मला. पुन्हा तसं नको. तू काढलंस की मला समोर बघावंच लागेल." माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत बसल्या.

मी घरी आले, फोन उघडला आणि त्यांचं नाव काढून टाकलं. मग ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. मुलीला वाटलं कुणी गेलं.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. मी म्हटलं, "कसं वाटतंय चँडलर?"

"ते सोड. इथं मागच्या गल्लीत तीन मराठी घरं आहेत. एकीचं बाळंतपण जवळ आलंय आणि तिची आई यायची आहे, तिच्याबरोबर डिंक मागवलाय. दुसरीचं नवऱ्याशी पटत नाही, पण बाई चांगली आहे. भारतीय दुकानात कोथिंबीर अगदी भिकार."

"काकू, अहो, परवा तर पोचलात!"

"हो ना," त्या हळहळून म्हणाल्या. "दोन दिवस फुकट गेले बघ."