सरांचा अंगठा

डोंबिवलीला आईकडे गेलेले. हॉलमध्ये काकांनी तंबाखू मळायला घेतला आणि त्या वासाने मला ड्रॉइंगचे सर आठवले.

सातवीत ठाकुर्लीच्या ड्रॉइंग क्लासमध्ये माझा चेंडू काही केल्या गोल दिसेना, नुसती काळी चकती. सरांनी तंबाखूचा अंगठा जिभेवर ओला केला आणि माझ्या कागदावर फिरवला. “हे बघ, काळं असं हळूहळू उजेडाकडे न्यायचं.” शी! पण त्या पिवळट थुंकीने चेंडू खरंच फुगून वर आला. घरी आईने विचारलं, “अगं, तूच काढलास?” मी म्हटलं, “हो, मीच.” तिने तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

आता ती काकांना तोच दाखवत होती, “हिचा हात पहिल्यापासून चांगला!”

आणि मी, चाळिशीची बाई, परत हसून मान डोलावली. शी!