मंगळवारचं धुकं

हौसामावशी मंगळवारी देवीचा डोंगर दिसल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. हा तिच्या आईचा नेम, वडिवळ्याच्या माहेराहून बरोबर आणलेला. त्या माउलीने तो बहुधा उन्हाळ्यात धरला असावा. आमच्या कार्ल्यात आषाढ-श्रावणात डोंगर कसला, समोरचा गोठाही दिसत नाही.

मी सोमाटण्याहून सून होऊन तिच्या शेजारी आले. तिचा मुलगा बाळू लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा. दुपारी घरी आला, की वैतागून म्हणायचा, "आई, ती बघ, दिसली देवी! जेव आता."

"तुला दिसली न्हवं? मग तू जेव."

एकदा रस्ता चुकून अंगणात आलेली एक पाहुणी "किती सुंदर धुकं!" म्हणाली. "तुझं जेवान झालंय, बाई," असं म्हणत मावशीने तिला चहा दिला.

धुकं हटलं नाही, तर मावशी आभाळाला दोष देत नसे. "ढग देवीच्या दारात नसतोय, आपल्या दारात असतोय," म्हणायची आणि आठवड्यात कुणाला टाकून बोललो ते आठवत बसायची. मग काठी टेकत त्या घरी जायची. माझ्याकडेही आली होती. "परवा तुझ्या आमटीला नावं ठेवली म्या. पांचटच हुती, पर चारचौघांत बोलाया नगं हुतं." त्यानंतर डोंगर कधी उघडायचा, कधी नाही. तिचा विश्वास मात्र हलायचा नाही. मला तिचा फार हेवा वाटायचा. माझ्या मनात काय साचलंय, ते मला असं कधी बघता आलं नाही.

तिच्या शेवटच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती. उपाशी ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका मंगळवारी दिवस कलला तरी धुकं तसंच. बाळूने तिची खाट दारात ओढून ठेवली होती. तो अगदी रडकुंडीला आला. "आता कुनाशी भांडलीयस, आई? समद्यांची माफी तर मागून झाली!"

मावशीने मान दाराबाहेरच्या धुक्याकडे वळवली. मग मला म्हणाली, "वडिवळ्याला फोन लाव."

तिथे तिची धाकटी बहीण. शेताच्या बांधावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. बाळूच्या लग्नालाही ती आली नव्हती. मी फोन लावून मावशीच्या तोंडाशी धरला.

"जेवलीस का गं?" मावशीने विचारलं, जणू सकाळीच दोघी बोलल्या होत्या.

पलीकडून नुसता पत्र्यावरच्या पावसाचा आवाज. मग बहिणीचा घोगरा स्वर आला. "न्हाई. मंगळवार हाय न्हवं? डोंगर दिसंना."

"हितंबी न्हाई. चल, जेवू."

बाळूने धावत जाऊन भाकरी आणली. फोन चालूच ठेवून दोघी जेवल्या. बोलल्या फारसं नाहीत. मावशीने दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली.

"पाऊस उघडला की येते तुझ्याकडं," बहीण शेवटी म्हणाली.

पाऊस उघडायच्या आत मावशी गेली.