पन्हाळाखालची लिंबोणी

भटू पाटलाच्या घराला शंभर वर्षं झाली असं सगळं गाव सांगायचं आणि प्रत्येक जण वेगळं मोजायचा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वत्सलाबाईच्या मते ते घर तापीपेक्षा फार तर दोन दिवसांनी धाकटं. सागाच्या तुळया अजून लोखंडासारख्या, भिंती हातभर रुंद मातीच्या आणि वर धाबं, म्हणजे मातीचंच सपाट छप्पर. धाब्याचा सगळा जीव खारीत. ही पांढुरकी खारट माती पावसाआधी वर पसरून चोपली की पाणी वरच्या वर वाहून जातं. भटूचा बाप एकही वर्ष चुकवायचा नाही. भटू चुकवायचा. "पुढल्या साली" हे त्याचं आवडतं पीक होतं आणि ते बारमाही यायचं.

एका पावसाळ्यात मागची खोली आठवडाभर ठिबकत राहिली. भटूचं झोळीतलं पहिलं पोर, दात न आलेलं, त्या ओलीनं खोकायला लागलं. बैलगाडीत घालून चिंचपाड्याच्या दवाखान्याकडे निघाले, तर वाटेतल्या नाल्याला पूर. पूर उतरला तोवर पुढे नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वत्सलाबाई ही गावात कोणालाच सोडत नसे, पण या एका गोष्टीवर तिची जीभ कधी चालली नाही. यावरून काय ते समजावं.

भटूची बायको रंजनाबाई कोरीटची. पहिल्या बाळंतपणानंतर पोराला घेऊन माहेराहून सासरी आली, तेव्हा त्याच गाडीत लिंबोणीचं एक रोपही होतं. पोर आणि झाड एका गाडीतून आली. पोर गेलं, झाड राहिलं. परसातल्या त्या लिंबोणीला ती सांडपाण्याचा थेंबही लागू देत नसे, विहिरीचं शेंदून घालायची. बुंध्याला काळा दोरा बांधलेला. तो कोणाच्या हातातून सुटून तिथं गेला हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तिला पुन्हा दिवस गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. तशी तीही निघाली. गाडीत बसल्यावर तिनं घराकडे पाहिलं आणि नवऱ्याला सगळ्या गल्लीदेखत ऐकवलं, "धाबं गळनं तं मी येणार नही. आनि ती लिंबोनी मरनी तं बी येणार नही."

भटू हसला. गल्लीही हसली. रंजनाबाई तेवढी हसली नाही.

आखाजी झाली, बाकीच्या सुना परतल्या, ही नाही. मग भटूचं हसू आटलं. जन्मात ज्यानं स्वतःच्या बैलालाही घाई केली नव्हती, तो माणूस उन्हातान्हात गावाबाहेरच्या उजाड माळावरून खारीच्या गाड्या भरू लागला. वाळवी लागलेले दांडे काढून नवे घातले. भिंती लिंपल्या, परसातलं गवत उपटलं, बांबूवर गिलक्याचे वेल चढवले, कुंपणाकडेनं झेंडू लावला. आणि धाब्यावर खारी. एक थर चोपला, दुसरा चोपला. तिसऱ्या थराला मदतीला आलेला त्याचा मित्र भिला कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आते बस कर, भटू. धाबं शे का किल्ला? तोफा चढाडाना शेत का वर?"

"गळनं नही पायजे."

"अरे, पन तुळ्या तुटतीन!"

"तुटू दे. गळनं नही पायजे."

तेवढ्यात त्याला आणखी एक सुचलं. माणसाला सुचू लागलं की गावानं घाबरावं. धाब्याचं पाणी पाडणारा लाकडी पन्हाळ जुन्या काळापासून खळ्याच्या बाजूला होता. भटूनं तो उपटला आणि परसाच्या बाजूला, नेमका लिंबोणीवर आणून बसवला. आता प्रत्येक पावसात झाडाला आयतं पाणी. घर कोरडं, झाड ओलं, बायको खूश. वत्सलाबाईसुद्धा कुंपणावरून म्हणाली, "बाप रे! भटूले अक्कल उनी! कोठून उसनी लयी रे?"

भटूला ते इतकं गोड लागलं की त्यानं हलू नये म्हणून पन्हाळ चारी बाजूंनी खारीनं आणखी चोपून घेतला.

पाऊस आला. भटू घरभर मान वर करून फिरला. तुळईखाली तळहात धरून उभा राहिला. एक थेंब नाही. मागच्या खोलीत, जिथं झोळी असायची, तिथं तो कोरड्या जमिनीवर बसला आणि किती वेळ बसला ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाहेर पन्हाळातून पाणी धो धो लिंबोणीवर पडत होतं. त्याला वाटलं, झाड पितंय.

झाड पीत होतंच. तीन थरांची ताजी खारी धुऊन निघालेलं पाणी पीत होतं.

पानांची टोकं आधी करपली. भटूला वाटलं कीड, त्यानं राख फुंकली. मग पानं गळू लागली. उघडीप पडली तेव्हा बुंध्याभोवतीच्या मातीवर पांढरी साय दिसली. भटूनं बोट लावून जिभेला लावलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. जीभ खारट झाली होती. ते काय आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, त्यानंच ते गाड्या भरभरून आणलं होतं.

गावाला अर्थात हे पहिल्यापासून माहीत होतं. गावाला नेहमीच पहिल्यापासून माहीत असतं, फक्त सांगायचं नंतर सुचतं.

पन्हाळ काढायचा तर भर पावसात तिथूनच धाबं फुटणार. ठेवायचा तर झाड जाणार. भटूनं पत्र्याची नळी ठोकली, ती वाऱ्यानं वत्सलाबाईच्या अंगणात नेऊन टाकली. त्यानं बुंध्याभोवतीची माती हातानं उकरून काढली, तापीचा गाळ आणून भरला, विहिरीचं गोडं पाणी ओतलं. वरून पुन्हा पन्हाळ. शेवटी रॉकेलचा रिकामा डबा घेऊन तो पन्हाळाखाली उभा राहू लागला. डबा भरला की धावत खळ्याकडे ओतायचा, धावत परत यायचं. डोक्यावर गोणपाट, खाली चिखल, झेंडू केव्हाच पायाखाली गेलेला.

"काय रे भटू," वत्सलाबाई ओरडली, "पाऊस डबामा भरीसन कोन्ता बाजारमा इकाले लई जास?"

भटू चिडला नाही, भरलेला डबा घेऊन खळ्याकडे धावला. तेव्हा वत्सलाबाई घरात गेली आणि थोड्या वेळानं कुंपणावरून आपला एक डबा त्याच्याकडे टाकला. तोंड मात्र पाडलेलंच.

एका दुपारी तर त्यानं कुदळ घेतली आणि धाब्यावर चढला. खारी खरवडून काढायची, घर गळू द्यायचं, झाड वाचवायचं. पहिले चार घाव बसलेही. खालून भिला धावत आला, हात हलवत.

"भटू! उतर खाले! कोरीटथून सांगावा उना! पोऱ्या व्हयना तुले!"

भटू धाब्यावर कुदळ धरून उभा. पाऊस अंगावर. पोऱ्या झाला. पोऱ्या म्हणजे झोळी, झोळी म्हणजे मागची खोली. त्यानं खाली लिंबोणीकडे पाहिलं; दोन-चार पानं होती. मग कुदळ टाकली आणि खणलेल्या जागी खारी दोन्ही हातांनी ओढून भरली, तळव्यांनी चोपली, पुन्हा चोपली. भिलानं पाहिलं ते एवढंच. भटू रडत होता की पाऊस होता, यावर गावात नंतर दोन तट पडले.

सव्वा महिना झाल्यावर रंजनाबाईला तिचा भाऊ रतिलाल गाडीत घालून घेऊन आला. आभाळ भरलेलं. भटू दारात उभा, दाढी वाढलेली, हाताला भेगा. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पोराला छातीशी धरून ती घराच्या बाजूनं सरळ परसात गेली.

लिंबोणी उभी होती. पान एकही नव्हतं. तिनं नखानं साल खरवडली. आत कोरडं पांढरं लाकूड. दुसऱ्या फांदीला खरवडलं. काळा दोरा तेवढा जागच्या जागी होता, तिनं त्याला हात लावला नाही.

"रत्या, गाडी फिराव," ती म्हणाली.

रतिलाल भटूकडे पाहत राहिला. "पाव्हनं, काही तरी बोला ना!"

'धाबं गळनं नही' या ज्या एका वाक्यासाठी भटू सगळा पावसाळा जगला होता, तेच त्याला आठवेना.

थेंब पडू लागले. एक पोराच्या कपाळावर पडला, पोर दचकलं. रंजनाबाईनं पदर ओढला, आभाळाकडे पाहिलं, धाब्याकडे पाहिलं आणि मागच्या दारानं आत शिरली. मागच्या खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं मान वर केली. पाऊस वाढला. ती तशीच वर बघत राहिली. काही गळलं नाही.

बाहेर पन्हाळ वाहू लागला आणि भटू डबा घेऊन धावला. सवयीनंच. भरला, ओतला, परत आला.

ती मागच्या दारात पोराला घेऊन उभी होती.

"आते कोनासाठे धरी ऱ्हायनात?"

भटूनं डबा पन्हाळाखालीच धरून ठेवला. डबा भरत आला होता, पाणी काठावरून त्याच्या हातावर सांडत होतं. रंजनाबाईनं झाडाकडे पाहिलं. मग दाराशी पडलेला वत्सलाबाईचा रिकामा डबा पायानं त्याच्याकडे ढकलला आणि आत होऊन दार ओढून घेतलं. कडी मात्र लावली नाही.