कार्ब्युरेटरची खंडेनवमी

मला धूळ पकडण्याचा पगार मिळतो. अमेरिकेत, चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात (बायकोच्या मते, गोणीत घातल्यासारखा) हिंडतो आणि कुठे एखादा कण चुकून आत आला तर त्याला हुडकून बाहेर काढतो. नव्या इंजिनिअर्सना 'कण आत शिरतोच कसा' यावर लेक्चरही मीच देतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं माझ्याच हातून झालेलं आहे.

साल २००५. आमच्या गॅरेजमध्ये सदुसष्ट सालची एक आकाशी गाडी तीन वर्षं मुक्काम ठोकून होती. तिच्यामुळे बायकोची, म्हणजे नीलिमाची, गाडी बाहेर उन्हात, आणि ॲरिझोनाच्या उन्हात स्टिअरिंग धरायला सांडशी लागते. शेवटी बायकोने निकाल दिला.

"मुकुंद, दसऱ्याच्या प्रोग्रॅमला तुझ्या गाडीतून जायचं. कोणी धक्का न मारता, ओढून न नेता पोचली, तर गॅरेज तिचं. नाहीतर ती फ्रँकची."

फ्रँक हा शेजारचा सत्तरीचा म्हातारा. घडीची खुर्ची टाकून आमच्या गॅरेजसमोर बसायचा आणि रोज एकच प्रश्न विचारायचा, "आज विकतोयस?"

मी चवताळून कार्ब्युरेटर उघडला. (इंजिनात हवा आणि पेट्रोल किती मिसळायचं ते हा ठरवतो. आकाराने नारळाएवढा, स्वभावाने दुर्वास.) धुतला, फुंकला, नवे वॉशर घातले. झाकण तेवढं लावायचं राहिलं आणि उजाडली खंडेनवमी!

सांगलीहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी गॅरेजमध्ये येऊन माझी सगळी हत्यारं पाटावर घेतली.

"मुकुंदराव, आज यांची पूजा. आता उद्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"आई, उद्याच तर जायचंय. निदान हा एक स्क्रू ड्रायव्हर..."

"त्याला हळदकुंकू लागलंय."

दिवसभर मी घरात येरझाऱ्या घालत होतो. पाटासमोरून जाताना हात आपोआप पक्कडीकडे जायचा आणि सासूबाई खाकरायच्या. त्या नुसत्या खाकरण्यावर आमचा लॅपटॉपसुद्धा बंद झाला असता.

पण सकाळी पूजा मात्र मी मनापासून केली होती. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, लॅपटॉप आणि मधोमध कार्ब्युरेटर.

"याला झाकण नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"असू दे उघडाच. देवाला आतलं काम दिसू दे," मी म्हणालो आणि लग्नमंडपात उधळाव्या तशा मूठभर अक्षता उधळल्या. (आमच्या लग्नात भटजींना लागल्या होत्या.)

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमट्याने एकेक अक्षता वेचली. सतरा निघाल्या. झाकण लावलं, कार्ब्युरेटर चढवला, किल्ली फिरवली. इंजिन मांजरासारखं घुरघुरू लागलं. फ्रँकचा चेहरा पडला.

पैठणीतली नीलिमा पुढे, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर सोनं लुटायला फ्रँकच्याच कांचनाच्या झाडाची पानं. आमच्या मागून फ्रँक पिकअप घेऊन निघाला. मागे लोखंडी साखळी ठेवली होती. "सहज," म्हणाला.

पहिल्या सिग्नलपर्यंत स्वर्ग. पुढे मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी खोकली, दोन गचके खाल्ले आणि मेली. कडेला घेतली, किल्ली फिरवली, पुन्हा मांजर! निघालो, दाबला, मेली.

"उन्हामुळे," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा मेली. "पेट्रोलच खराब."

चौथ्यांदा मी काही म्हणायच्या आत मागून प्रश्न आला, "एखादी अक्षता नसेल ना राहिली आत?"

"आई, कण शोधणं ही माझी नोकरी आहे."

"हो, ते आहेच," सासूबाई म्हणाल्या आणि पानं मोजू लागल्या.

नीलिमाने घड्याळ पाहिलं. "हॉल अजून चार मैल आहे. फ्रँकला हाक मारू?"

फ्रँक हाकेची वाट न बघता उतरलाच होता. साखळी मात्र, नशीब, गाडीतच ठेवली होती. त्याने कान दिला, मान हलवली. "उभी असली की बरी, पळवली की मरते. पेट्रोलच्या वाटीत काहीतरी फिरतंय. जोरात ओढ लागली की ते भोकावर जाऊन बसतं, बंद केली की सुटतं."

"अशक्य," मी म्हणालो.

"उघड," नीलिमा म्हणाली.

रेशमी झब्ब्याच्या बाह्या सारून मी भर रस्त्यात झाकण काढलं. आजूबाजूने जाणारे लोक हॉर्न वाजवून उत्तेजन देत होते. वाटीच्या तळाशी, पेट्रोलमध्ये, फिकट गुलाबी, टपोरा एक तांदूळ निवांत पडला होता.

सासूबाई काचेतून वाकून बघत होत्या. "अठरावी," त्या म्हणाल्या.

फ्रँकने सुस्कारा सोडला. "म्हणजे आज नाही विकत."

उरलेले चार मैल गाडी अशी धावली की सासूबाईंनी दोनदा "हळू" म्हटलं. गॅरेज वाचलं. सीमोल्लंघन झालं. हॉलमध्ये सोनं वाटता वाटता नीलिमाने ही हकिकत साठ माणसांना सांगितली, काहींना दोनदा.

सोमवारी लेक्चरला निघालो तर डब्यात पोळीवर कागदाची पुडी. आत तो तांदूळ, आणि वर नीलिमाच्या अक्षरात 'नमुना'. तो खिशात घालून मी नव्या पोरांपुढे उभा राहिलो आणि गेली सहा वर्षं दाखवत असलेली माझीच पहिली स्लाइड लावली. प्रश्न होता, 'कण आत येतो कुठून?' खाली मीच लिहिलेलं उत्तर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

'बहुतेक वेळा, ज्याला आपण स्वच्छ आहोत याची खात्री असते, त्याच्याकडून.'