तीन डबे, एक पडदा

शाळेत मी दुसरीपतोर गेलो. म्हंजी दुसरीच्या दारापतोर. म्हनून इंदापुरात कॉम्प्युटरच्या क्लासात मला नोकरी लागली तवा घरची सगळी हसली. मीपन हसलो. काम काय, तर खोली झाडायची, कॉम्प्युटरच्या डब्यांवर फडकं मारायचं आन येनाऱ्याला चपला बाहेर काढायला लावायच्या.

त्येच्या आदी मी कालव्याच्या फाट्यावर रोजंदारीनं होतो. ज्येची पान्याची बारी, त्येच्या रानाकडचं दार उघडायचं. बारी सपली की दार टाकायचं. एकदा मी दार टाकायचं इसरून बांधावर झोपलो, आन पानी एका बाबाच्या उसातनं थेट त्येच्या घरात शिरलं. बाबा खाटंसकट बाहेर आला. माजी रोजंदारी तिथंच सपली, पन त्या दिवसापास्नं दार टाकायला मी कदी इसरलो न्हाय. पुढची सगळी भानगड त्या न इसरन्याची हाय.

क्लासात तीन कॉम्प्युटर होते. एकदा लाईट एकदम वाढून आली आन दोन मॉनिटर जळाले. क्लासचे सर पुण्याला गेले, पन मॉनिटर आनायचं सोडून एक बारकी लोखंडी पेटी घिऊन आले. मागं वायरी, पुढं खुंटी. खुंटी एकावर फिरवली की पयल्या डब्याचं चित्र पडद्यावर, दोनावर दुसऱ्याचं, तीनावर तिसऱ्याचं. अर्धवट राहिली तर सगळं गुलाबी. कीबोर्ड मातुर ज्येचा त्येला.

सर म्हनाले, "स्वस्तात भागलं. आता ही खुंटी फिरवायला मानूस पायजे."

मी म्हनलं, "सर, जल्मभर मी ह्येच केलंय."

तवापास्नं पडद्याच्या बाऱ्या लागल्या. एकाची बारी चालू असली की बाकीचे दोघं त्येच्या चित्राकडं बघत बसायचे, शेजाऱ्याच्या पाटाकडं बघावं तसे. दोन मिन्टं जास्ती गेली तर भांडनं. मला वाटायचं, आपुन फाट्यावरच हाय, फक्त चिखल तेवडा न्हाय.

मग परीक्षा आली. पानभर पत्र टाईप करायचं, पाऊन तासात. बसनारे तिघं. पयल्या डब्यावर साखर कारखान्यातले एक आण्णा, दुसऱ्यावर डाळजचे गुरुजी, तिसऱ्यावर निमगाव केतकीची एक ताई. आण्णा आन गुरुजी हौसेनं आलेले. ताईचं तसं नव्हतं. बारामतीच्या एका डेअरीत तिला ऑपरेटरची नोकरी ठरली होती, पन दुसऱ्या दिवशी सकाळी पास झाल्याचा कागद दाखवायचा होता. न दाखवला तर दुसरी एक बाई तयारच होती.

परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी चपला काढल्या, आत आले, बघितलं. "मॉनिटर एकच?"

सर म्हनाले, "साहेब, पेटी हाय."

साहेबांनी पेटीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं. म्हनाले, "प्रत्येकाला पंधरा मिन्टं द्या. मला शेवटी कागद दिसला पायजे, बास."

कालव्याचा कायदा असा, की पानी आदी शेवटच्याला द्यायचं. फाट्यावर मी त्यो कदी पाळला न्हाय, वरची मंडळी दांडगी होती. म्हनलं, हितं तरी पाळू. पयली बारी ताईला दिली. तिची बोटं अशी पळाली, की पंधरा मिन्टांत पत्र सपत आलं. शेवटच्या चार ओळी राहिल्या आन घड्याळात टायम झाला. मी खुंटी दोनावर नेली, गुरुजींचं चित्र आलं.

पन ताईच्या डब्याचा दिवा चालूच. आत पंखा घरघर करतोय. ताईची बोटं चालूच. मला वाटलं, बारी सपली तरी हिच्याकडं झिरपतंय, आन गुरुजींच्या वाट्याचं कमी व्हतंय. मी वाकलो आन तिच्या डब्याची पिन भिंतीतनं उपटली.

ताईची बोटं थांबली. "काका, डबा कशापाई बंद केला?"

"बारी सपली ताई. दार टाकलं."

सरांनी डोकं धरलं. "आरं, तिचं सगळं गेलं. लाईट गेली की लिवलेलं पुसतं त्ये."

सहा म्हयने मी त्या डब्यांवर फडकं मारत होतो, पन ही गोष्ट मला कोन बोललं नव्हतं. बोललं असतं तरी मी ऐकली नसती.

ताई म्हनाली, "आमच्या रानात पानी का येत नव्हतं, त्ये आज कळलं."

सर गुरुजींना म्हनाले, "गुरुजी, जरा पडदा द्या तिला."

गुरुजी म्हनाले, "माजी बारी हाय." आन पुन्ना क हुडकायला लागले. पाच मिन्टं झाली, क गावत नव्हता. आण्णा म्हनाले, "मागनं माजी बारी हाय. माज्यातलं मागू नका."

ताईनं कुनाला काय मागितलं न्हाय. पिन खोचली, डब्याला कान लावला. आत करर करर झालं, थांबलं, तशी दोन-चार बटनं दाबली, पुन्ना कान लावला. मग पत्र पयल्यापास्नं टाईप करायला लागली. पडदा गुरुजींकडं, आन ही समोरच्या भिंतीवरच्या पालीकडं बघत लिवतीय. साहेबांनी खुर्ची उचलली आन तिच्या मागं जाऊन बसले. पडद्याकडं कोनच बघत नव्हतं, गुरुजीसुदा.

मी खुंटी एकावर नेली, आण्णांची बारीपन झाली. टायम सपला. प्रिंटर किरकिरला, ताईचा कागद आला. साहेबांनी वरनं खाली वाचला. "चूक न्हाय. पन पयली ओळ कुठाय? पत्र कुनाला हाय त्येच न्हाय."

डबा चालू हुईस्तवर ती ओळ हवेत गेली होती. ताईचं तोंड उतरलं. मी म्हनलं, "साहेब, ती ओळ माज्यामुळं गेली. मार्क माजे कापा."

"तुमी परीक्षेला बसलाय?"

"न्हाय."

"मग कापू कुठनं?" म्हनत साहेबांनी तिला पास केलं. कागदावर तिथंच सही करून दिली. ताई चपला हातात घिऊनच स्टँडकडं पळाली. दुसऱ्या दिवशी डेअरीत हजर झाली. गुरुजी आन आण्णा नापास.

पुढच्या परीक्षेच्या आदी गुरुजी मला एका बाजूला घिऊन गेले. हळूच म्हनाले, "ह्या येळंला माजीपन पिन काडा."

मी काडली. गुरुजी पुन्ना नापास झाले.