एकशे पंचाहत्तरांतली मोठी

देशाचा राष्ट्रपती निवडण्यात माझा वाटा काय, तर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवताना मी तो धडा फळ्यावर लिहून द्यायचो. पोरं तो वहीत उतरवायची, परीक्षेत जसाच्या तसा माझ्या तोंडावर फेकायची आणि लोकशाही बळकट व्हायची. पुढे त्यातली निम्मी पोरं धानाच्या बांधीत गेली, काही गोंदियाच्या राइस मिलमध्ये लागली. त्या धड्याबद्दल त्यांना आयुष्यात पुन्हा कुणी काही विचारलं नाही, राष्ट्रपतींनी तर नाहीच नाही.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मात्र हा धडा अचानक भाव खाऊन गेला. उमेदवार बाई आपल्या राज्याच्या होत्या. झालं. ज्या आमदारांचं एकमेकांशी चहालाही पटत नाही, ते म्हणे पक्ष बाजूला ठेवून आपल्या मातीच्या बाईला मत देणार. आमच्या गावापासून मुंबई इतकी लांब की रायपूर आम्हाला शेजारी वाटतं, पण त्या आठवड्यात आमच्या कामठ्याच्या चौकातल्या टपरीवर जो तो महाराष्ट्राचा आधारस्तंभ होऊन भजी खात बसला होता. एकाने तर नागऱ्याच्या महादेवाला नारळ फोडला. धानाच्या रोवणीला पाऊस पडावा म्हणून ह्या गृहस्थाने कधी खोबऱ्याचा तुकडा वाहिला नव्हता.

त्यात कुणाच्या तरी वाचनात आलं की, ह्या निवडणुकीत आपल्या आमदाराचं एक मत एक नसतं, एकशे पंचाहत्तर असतं. बाघ नदीपलीकडच्या मध्य प्रदेशात तेच एकशे एकतीस आणि छत्तीसगडात एकशे एकोणतीस. मग काय विचारता. ज्यांची आमदाराशी ओळख म्हणजे पाच वर्षांतून एकदा लांबून नमस्कार, ते लोक आपणच एकशे पंचाहत्तर किलोचे असल्यासारखे टपरीच्या बाकावर रेलून बसू लागले.

आता आमचे जवाई नेमके बालाघाटकडचे. धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस चांगला, पण जवाई असल्याचं एक क्षणही विसरत नसे. पावसाने ताण दिला म्हणून त्यांची रोवणी अडकली होती, तर हे बहिणीला घेऊन चार दिवस सासुरवाडीला आले होते. शनिवारी मतमोजणी. सकाळी ते हौसेने टपरीवर गेले आणि अर्ध्या तासात पाय आपटत परत आले. कुणीतरी त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "आमचा एक म्हणजे तुमचे सव्वा, जवाईबापू."

"भैया, आम्ही लोक का कमी हावो का?" ते छपरीत खुर्ची ओढून मला म्हणाले. "तुमचा आमदार वजनदार अन् आमचा हलका? ये तो सरासर अन्याय है." आणि जेवणार नाही म्हणून सांगून टाकलं. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीमुळे जेवण सोडणारा देशातला तो एकमेव मतदार असावा, आणि तोही मत नसलेला.

माय सुपात तांदूळ निवडत उंबऱ्यात बसली होती. ती मला म्हणाली, "समजाव त्याले. शिकवते ना तू?"

माझ्या मायबद्दल इथे एक सांगायला हवं. तिला लेकरं किती असं कुणीही विचारलं की ती चार म्हणायची. आम्ही तीन. मी, पुण्याला नोकरीवर असलेला भाऊ आणि ही बहीण. चौथी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधीची, 'मोठी'. आम्ही कुणी जन्मायच्या आधीच ती गोवराने गेली होती. तिचा फोटो नाही, दाखला नाही, एखादं झबलंसुद्धा ठेवलेलं नाही. बाबा असेपर्यंत तिचा विषय घरात निघत नसे, आणि नंतर काढायची आमची हिंमत नव्हती. पण माय चारच म्हणायची. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बच्चे कितने?" "चार." "चारों जिंदा?" ती तपासायच्या टेबलावरून उठली आणि सरळ बस स्टँडवर जाऊन बसली. ब्लडप्रेशर मोजायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

बहिणीच्या सोयरिकीतही हाच घोळ. पाव्हण्यांनी विचारलं, मायनं चार सांगितले, मी घाईने तीन सांगितले, आणि पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. जवाईंच्या घरच्यांना पुढे कित्येक वर्षं संशय होता की आमचा एक भाऊ कुठेतरी दडवलेला आहे आणि शेतीच्या वाटणीला तो बरोबर उगवेल. आमची शेती बघता त्याने न उगवण्यातच शहाणपण होतं. तर असा तो चारचा हट्ट. मला त्याची लाज वाटायची, चीडही यायची. मेलेल्या लेकराला कुणी असं चारचौघांत मोजतं का, असं मला वाटायचं.

तर मी जवाईंना समजवायला बसलो. म्हटलं, एकशे पंचाहत्तर हे काही आमदाराचं वजन नाही. राज्यात माणसं किती ती घ्यायची, आमदारांच्या संख्येने भागायची, वर हजाराने भागायचं. आपली पाच कोटींच्या वर माणसं, दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार, उत्तर एकशे पंचाहत्तर. एवढाच हिशोब.

"पाच कोटी?" जवाई म्हणाले. "पेपरवाले तो दस के उपर बताते."

"आजची नाही धरत. एकाहत्तर सालच्या शिरगणतीतली धरतात."

"एकाहत्तर?"

"हो. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांचं नुकसान नको, म्हणून आकडा तिथंच थांबवला. तेव्हा जी माणसं होती त्यांचाच तो एकशे पंचाहत्तर. मी त्र्याहत्तरचा. म्हणजे मी त्यात नाही. तुम्ही माझ्याहून लहान, तुम्ही तुमच्या एकशे एकतीसमध्ये नाही."

जवाईंचा चेहरा खुलत चालला. "अन् टपरीवरचे ते?"

"जो सव्वा म्हणाला तो अजून तिशीतला नाही. त्याचा काय संबंध?"

जवाई असे हसले की खुर्ची करकरली. ज्यांनी आपल्याला हलकं ठरवलं ते मोजणीतच नाहीत, ह्याहून मोठं समाधान त्यांना कोणत्याही घटनादुरुस्तीने दिलं नसतं. त्यांनी लगेच बहिणीला ताट वाढायला सांगितलं. मीही चढलो. वर्गात पोरं जांभया देतात, इथे कधी नव्हे तो विद्यार्थी रंगला होता.

"मंग हाय कोण त्यात?" ताटावर बसता बसता त्यांनी विचारलं.

"आमचे बाबा आहेत."

"ते तर वारले ना?"

"वारले तरी आहेत. ज्याला तेव्हा मोजलं, तो मोजला. नंतर मेला म्हणून काढत नाहीत. अहो, आपल्या देशात राष्ट्रपती निवडताना निम्मे मेलेले मोजतात, आणि आपण जिवंत असून इथं वांग्याची भाजी खातो." हा विनोद मला फार आवडला. मी एकटाच हसलो.

सुपाचा आवाज थांबला होता. माय म्हणाली, "काढत नाईत?"

"नाही, माय."

"लहानसं असलं तरी?"

"लहान-मोठं काही नसतं त्यात. माणूस तो माणूस."

 सूप तिच्या मांडीवर तसंच होतं. मी जवाईंना परिशिष्टासकट पुढचं समजवायला लागलो होतो, तर ती मध्येच बोलायला लागली. माझ्याशी नाही, जवाईंशी नाही, समोरच्या तांदळाशी बोलल्यासारखं.

"तवा मोजाले मास्तर आला होता. आंगणात मोह वाळत घातला होता. तुझी आजी म्हणे, लेकरं मोजत नसतेत, नजर लागते. तिनं मोठीले ढोलीच्या मांगं नेऊन बसवलं, अन् मास्तराले सांगतलं, घरात मोठी माणसंच हायेत. मी दाराआड उभी होती. नवी होती मी, तोंड उघडाची सोय नव्हती. पण मले राग आला. माझी पोरगी काऊन नाई? मी तेथूनच बोलली, एक पोरगी हाय जी, दीड वर्साची."

धानाच्या ढोलीमागे दडवलेली ती पोरगी मला पहिल्यांदाच दिसली. आतापर्यंत ती नुसती 'मोठी' होती.

"मग? लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"लिवलं ना. म्हणे, आणा पाहू. मी नेली कडेवर. तिनं त्याच्या पेनालेच हात घातला. हासला मास्तर. मंग लिवलं." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "पुढच्या साली गावात गोवर निघाला. चार दिवसांत गेली. तुझी आजी म्हणे, त्वाच मोजून देल्ली तिले. मरेपर्यंत म्हणत होती. तुझा बाप ऐके, काही बोले नाई."

मला संताप आला. आजीचा आला, पण ती मरून गेलेली. बाबांचा आला, ते भिंतीवर हार घालून बसलेले. एका बाईने आपल्या लेकराचं अस्तित्व तोंड उघडून सांगितलं, आणि तिला त्याची शिक्षा घरातल्या घरात, भाकरी थापता थापता, वर्षानुवर्षं मिळाली. त्या घरात मी वाढलो आणि मला वाटायचं मायला आकडे समजत नाहीत. आजीने देव-देवस्की, नजर, उतारा कशाकशावर विश्वास ठेवला, फक्त गोवरावर ठेवला नाही.

बहीण भाताचं भांडं घेऊन दारात उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. जवाईंनी वांग्यावरचा हात काढला. सोयरिकीपासून ज्यांना आमच्या चौथ्याचा छडा लावायचा होता ते गृहस्थ हळूच म्हणाले, "मतलब, चारच होते ना माय. बरोबर सांगत होत्या तुम्ही." त्या माणसाला मी त्या दिवसापासून मनापासून मानतो. पुढे त्यांच्याकडच्या कुठल्याही लग्नात कुणी विचारलं तर ते स्वतःच सांगत, आमच्या सासूबाईला चार.

संध्याकाळी टीव्हीवर निकाल बघायचा म्हणून सगळे बसलो, तर भारनियमन. राष्ट्रपती निवडून आल्या ते आम्हाला टपरीवरच्या फटाक्यांवरून कळलं. लाइट नसल्याने फटाके उलट जास्त शोभून दिसले. टपरीवरचे एकमेकांना पेढे भरवत होते. जणू मतं ह्यांनीच टाकली होती.

"मोठीचं कोणाले गेलं?" मायनं मला विचारलं.

मत गुप्त असतं, आमदाराने कुणाला दिलं हे सांगता येत नाही, आणि असं एकेका माणसाचं मत वेगळं निघतही नाही. हे सगळं मी वर्गात नीट शिकवलेलं. मी म्हणालो, "जिंकली त्या बाईले."

"बरं झालं," माय म्हणाली. "बाईलेच गेलं." आणि जवाईंना चहा ठेवायला आत गेली.

मला वाटलं, विषय संपला. पण दोन हजार अकराच्या शिरगणतीला आमच्याच शाळेतले एक सर घरी आले. त्यांनी तिला विचारलं, एकूण लेकरं किती झाली. चार. मी मनातल्या मनात बस स्टँडवर जायच्या तयारीत होतो. मग त्यांनी विचारलं, सध्या किती. ती शांतपणे म्हणाली, "तीन." सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना अजून बारा घरं करायची होती. मी मात्र उठून उगाच गोठ्यात जाऊन आलो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. या वेळी उमेदवार आपल्या राज्याचे नव्हते, त्यामुळे टपरीवर लोकशाहीत कुणालाच रस नव्हता. सगळे पुन्हा आपापल्या मूळ वजनावर आले होते. घरात मात्र माय महिनाभर आधीपासून माझ्या मागे लागलेली. गुडघे गेले होते, दिसायला कमी झालं होतं, पण हे विसरली नाही.

"औंदा बी एकशे पंचाहत्तरच का रे?"

"एकशे पंचाहत्तरच, माय."

"कमी नाई केलं?"

"नाही."

"मंग हायेत. तुझा बाप, मी अन् मोठी." माझ्याकडे बघून जरा हसली. "तू नाईस."

"मी नाही," मी म्हणालो. "पण कायमचं नाही हं हे. पुढे सव्वीस सालानंतर नवी शिरगणती धरतील. मग ती जुनी माणसं जातील."

हे सांगायची काही गरज नव्हती. मास्तर माणूस, धडा अर्धा सोडवत नाही. 

"तवालोक मी बी जाईन," ती म्हणाली. "तोवर राहू दे तिले." मग माझ्या हातावर हात ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझी आजी म्हणे, मी सांगतली म्हून ती गेली. गेली असंल. पण मी सांगतली म्हूनच हाय ना रे अजून."