सुलीचं वजन आणि गुरुजींचं प्रगतिपुस्तक

मला एक सांगा, पोरगं शाळेत काय दिवे लावतंय हे कळायचं तर माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? पोरावर ठेवाल, तर ते सांगणार, पहिला आलो. गुरुजींवर ठेवाल, तर ते सगळ्यांनाच सांगणार, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." राहिलं प्रगतिपुस्तक. ते आमच्या गावात निम्म्या आईबापांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्या काट्यावर!

मुरबाड-शहापूरच्या मधल्या टापूत, डांबरी रस्त्यापासून बरंच आत आमचं गाव. तिथे माझं किराणा आणि भाताच्या खरेदीचं दुकान, आणि दुकानाला लागून चौथीपर्यंतची शाळा. मी स्वतः चौथीवरच थांबलो. पुढचं शिक्षण पोत्यांवरची छापील अक्षरं वाचून झालं. पण नव्वदच्या सालांत शाळेची बातमी शाळेआधी माझ्या दुकानात यायची. आईबाप उजाडता कामाला जायचे आणि शाळा सुटल्यावर परत यायचे. गुरुजी त्यांना भेटणार कधी? म्हणून सगळे निरोप माझ्या गल्ल्यावर ठेवलेले. असे निरोप सांगता सांगता किस्से साठत जातात. भाताला निदान उंदीर तरी लागतात, किश्श्यांना काहीच लागत नाही. ते वाढतच राहतात.

*

काट्याचं प्रकरण सुरू झालं ते प्रगतिपुस्तकामुळे. त्यात मार्कांच्या खाली दोन रकाने असायचे, उंची आणि वजन. शाळेत वजनाचं यंत्र नव्हतं. गुरुजी अंदाजाने भरायचे. एका वर्षी एका बाईने आपल्या दोन पोरांची पुस्तकं माझ्याकडून वाचून घेतली. थोरला आडदांड, धाकटा काडी. दोघांचं वजन एकच!

ती तशीच शाळेत गेली. "गुरुजी, वजनातच असं, तर मार्कांचं काय सांगावं?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी सगळी शाळा रांगेने माझ्या दुकानात घेऊन आले. भाताची पोती तोलायचा माझा लोखंडी काटा, जमिनीलगत पत्र्याचा चौथरा आणि समोर दांडी. दांडीवरचा गोळा सरकवत जायचा, दांडी आडवी तरंगली की वजन बरोबर. पोरं एकेक करून दोन पोत्यांच्या मध्ये उभी राहिली, मी वजन ओरडायचो, गुरुजी लिहायचे.

पहिलीतला एक चिमुरडा उतरताना थांबला आणि मला विचारतो, "शेठ, माझा भाव काय?"

*

या काट्याला सगळ्यात जास्त मानणारा माणूस म्हणजे गणपत. घरची थोडी भातशेती, आणि पावसाळा सरला की गवताच्या वखारीत गठ्ठे बांधायचं काम. गवताचे गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांना जायचे. दिवसभर वजनाशीच गाठ, त्यामुळे जगातला हा एकच आकडा त्याला पटायचा.

त्याची मुलगी सुलोचना, म्हणजे आमची सुली, चौथीत होती. पाखरासारखी हलकी, पण डोकं तल्लख. सहामाही परीक्षेचा निकाल लागला तेव्हा गणपत तिचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. मी वाचत गेलो. भाषेत उत्तम, गणितात वर्गात सगळ्यात जास्त, परिसर अभ्यासात उत्तम. तो ऐकत होता, जसा काही दुसऱ्याच्या पोरीचा निकाल आहे.

"वजन?"

मी सांगितलं. अठरा.

"मंग कसली प्रगती?" म्हणाला आणि पुस्तक खिशात घातलं.

चेष्टा नव्हती ती. पाचवीची शाळा होती पलीकडच्या गावात, टेकडी उतरून, ओढा ओलांडून. उन्हाळ्यात त्या ओढ्यात गुरं बसतात. पावसाळ्यात त्याच्यापुढे गडी माणूस उभा राहत नाही. गणपतने तेव्हाच दुकानातल्या चार माणसांसमोर सांगून टाकलं, "वीस किलो भरली तर पाठवीन. नाय तर हिची शाळा चौथीतच संपली. हलकं पोर मी त्या पाण्यात घालणार नाय."

त्याची बायको येसू तेल घ्यायला आली होती. तिने त्या दिवशी तेलाबरोबर गूळ जास्त नेला.

*

गुरुजींना वाटलं, बापाला समजावून सांगितलं की झालं. त्यांनी माझ्या दाराजवळच्या फळ्यावर लिहिलं, 'उद्या पालक सभा. सर्वांनी यावे.' एकही माणूस आला नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुरुजींनी डोकं चालवलं आणि लिहिलं, 'उद्या शेठच्या काट्यावर मोठ्या माणसांचे वजन फुकट.'

सगळं गाव लोटलं! म्हातारे काठ्या टेकत आले. बायका जरा लाजत, एकमेकींना ढकलत चढल्या. सखूआजी तर उतरेचना. तिचं वजन सांगितलं, तर गुरुजींना म्हणते, "पास ना मी?"

गुरुजी म्हणाले, "पास, आजी."

"मंग लिवून द्या. तोंडी सांगितलं तर सून मानायची नाय."

माणसं जमली आहेत हे बघून गुरुजींनी तिथेच सभा सुरू केली. मुलींना पुढे शिकवा, चौथीवर थांबवू नका, आणि नाव न घेता सगळा रोख गणपतवर. गणपतने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांचं झालं. तुमचं राहिलं. चढा."

गुरुजी आसनगावहून रोज एसटीने यायचे आणि निम्मी वाट चालायचे. अंगावर मूठभर मांस नव्हतं. मी गोळा खाली खाली सरकवत आणला, तरी दांडी उचलेना. भाताचं पोतं परवडलं.

गणपत म्हणाला, "येवढं शिकून हे होतं काय? मंग माझ्या पोरीचं काय उरंल?"

सभा हसण्यात संपली. गुरुजीही हसले बिचारे, पण जाताना मला हळूच म्हणाले, "शेठ, या माणसाशी भांडून जिंकता यायचं नाही. पोरीला खायला घाला."

*

त्याच हिवाळ्यात मी दुकानात फोन बसवला, एसटीडी-पीसीओचा. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गुरुजी, ते पण पलीकडून! आसनगाव स्टेशनवरून फोन यायचा. "शेठ, एसटी गेली. दुसरीने येतो. तोवर मुलांना पाढे म्हणायला बसवा."

मग सगळी शाळा माझ्या ओट्यावर. सुली पुढे उभी राहून पाढे सांगायची, बाकीची म्हणायची. गिऱ्हाईक तेरा रुपयांच्या पाच वस्तू घ्यायला लागलं, की मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून कोरसमध्ये उत्तर यायचं. माझी आकडेमोडच बंद झाली.

एकदा असेच पाढे चालू असताना जीप थांबली. तालुक्याचे साहेब, अचानक तपासणी. शाळेला कुलूप, पोरं किराणा दुकानात. साहेबांनी चष्मा वर करून सुलीला विचारलं, "गुरुजी कुठे आहेत?"

सुलीने फोनकडे बोट केलं. "फोनमंदी हायेत, साहेब. तुमी बोला."

आणि तेवढ्यात फोन वाजला की हो! साहेबांनीच उचलला. पलीकडून गुरुजी म्हणत होते, "शेठ, निघालोच. कोणी आलं नाही ना?"

गुरुजींचं पुढे काय झालं ते सोडा, थोडक्यात निभावलं. पण साहेबांनी सुलीला धडा वाचायला लावला, दोन-चार गणितं घातली. जाताना मला बजावून गेले, की हिच्या वडिलांना सांगा, ही मुलगी शाळेत राहिली पाहिजे.

संध्याकाळी मी गणपतला निरोप दिला. तालुक्याचे साहेब स्वतः म्हणाले, असं ठासून सांगितलं.

गणपतने विचारलं, "त्यांनी तोलली का तिला?"

*

मग गाव सुलीच्या मागे लागलं. येसू सकाळी नाचणीची भाकर दुधात कुस्करून द्यायची. शाळेतून पोरांना महिन्याचा तांदूळ मिळायचा, तो त्या घरात सुलीच्याच ताटात जास्त जायचा. सखूआजी वाटेत अडवून तिच्या हातात उकडलेलं रताळं कोंबायची. मी शेंगदाणे द्यायचो. पोरगी खायची, आणि जे खाल्लं ते टेकडी चढता उतरता जिरवून टाकायची. माघात जरा भरली, तर फाल्गुनात ताप आला आणि होतं तेही गेलं. येसू दर बाजाराच्या दिवशी तिला काट्यावर उभी करायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. दांडीकडे बघायचं धाडस तिच्यात नव्हतं.

एका बाजारी सुली आली ती जरा पाय ओढतच. येसू म्हणाली, "बगा शेठ, ह्या खेपेला भरली असंल."

सुली काट्यापाशी थांबली. परकराच्या ओच्यातून एक गोटा काढला, माझ्या गल्ल्यावर ठेवला. मग दुसरा. ओढ्यातले चांगले गुळगुळीत गोटे. मग आईला म्हणाली, "आये, शाळंत मी जायाचं का ह्यांनी?"

येसू हसली, पण डोळे पुसत.

*

मध्येच पुढच्या काळातलं एक सांगतो, नाहीतर राहून जाईल. दोन हजार साल उलटल्यावर शाळेला वरून स्वतःचं वजनाचं यंत्र आलं. छान, चकचकीत, पायाखाली ठेवायचं. माझा काटा रिटायर झाला असं मला वाटलं. पण शाळेची जमीन शेणाने सारवलेली, खड्ड्याखुड्ड्यांची. तेच पोरगं वर्गात उभं केलं तर एक वजन, बाहेर फरशीवर आणलं तर दोन किलो जास्त. नवे गुरुजी वैतागले.

एका पोराची आई मात्र खूश. म्हणाली, "गुरुजी, शाळंच्या भायेर माझं पोर जास्त भरतंय. सुट्टी वाढवा."

आता ते यंत्रही गेलं, त्या पोरांची पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमधून जातात, आणि निकाल मोबाइलवर येतो. वाचायला कोणी माझ्याकडे येत नाही. बरंच झालं म्हणायचं. पण मे महिना आला की मी गल्ल्यावर बसून उगाच रस्त्याकडे बघतो.

*

तर सुलीचा निकाल.

त्या वर्षी चैत्रात गणपत वखारीत दिसेनासा झाला. मुकादम दोनदा त्याला शोधत माझ्याकडे आला. गुरं राखणाऱ्यांनी सांगितलं, की गणपत ओढ्यावर आहे, दोन सागाचे ओंडके टाकून साकव बांधतोय. काठाला दगड रचलेत, धरायला बांबू बांधलाय. त्याला विचारलं तर म्हणाला, "गुरांसाठी." आमच्याकडची गुरं बांबू कधीपासून धरायला लागली, हे काही मी विचारलं नाही.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं आणि गुरुजींनी निकाल वाचला. चौथीत सुलोचना पहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. येसू मागे भिंतीला टेकून उभी होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला त्या निकालाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिचा निकाल माझ्या दुकानात होता.

गणपत धुतलेला सदरा घालून आला होता. म्हणाला, "चला काट्यावर."

अर्धं गाव मागोमाग आलं. सुली चपला काढून चौथऱ्यावर चढली, तोंड माझ्याकडे, हात दोन्ही बाजूंना सरळ, झेंड्याला उभी राहते तशी. गणपत तिच्या पाठीशी, अगदी लागून उभा राहिला. मी गोळा वीसवर आणून ठेवला आणि हात काढून घेतला.

दांडी खालीच राहिली.

येसूने पदर तोंडाशी नेला. गुरुजी चष्मा पुसायला लागले, मघाशीच पुसलेला. सुलीने दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काटा वाचता येत होता, तिला काही सांगायची गरज नव्हती. तिने एक पाय उतरायला उचलला.

"हालू नको गो," गणपत मागून म्हणाला. "नीट उभी ऱ्हा. काटा थरथरतो."

तिने पाय परत ठेवला. आणि दांडी हळूहळू वर आली. जराशी डुलली आणि मधोमध आडवी तरंगत राहिली. बरोबर वीस.

मी आयुष्यभर भात तोललं आहे. दांडी अशी कधी उठते ते मला कळतं. मी मान तिरकी करून सुलीच्या मागे बघितलं. गणपतचा उजवा पाय चौथऱ्याच्या कडेवर होता. वहाणेतून अंगठा बाहेर काढून पत्र्यावर दाबलेला, आणि दाबून दाबून नख पांढरं पडलेलं.

मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत नव्हता. बाहेर, टेकडीच्या बाजूला बघत होता.

"लिवा ना शेठ," तो म्हणाला, "काटा काय बोलतो ते लिवा. पोरीच्या शाळेचं काम हाय, हिशोब खरा ठेवा."